चार माणसांची मंगळवस्ती, परवडेल अशी: हिशोब उतरलेल्या किलोचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने मंगळावर चार माणसांच्या कायमच्या वस्तीचा आराखडा केला आहे. त्यांचं म्हणणं, मंगळयान साडेचारशे कोटींत गेलं, तर वस्तीही आपल्या पद्धतीने स्वस्तात का होऊ नये? आराखड्यातली निम्मी पानं रॉकेटवर आहेत. वीज पूर्णपणे सौर, अन्न आणि ऑक्सिजन दोन्ही हरितगृहातून, घर मंगळाच्या मातीच्या विटांचं. यात काय बदलावं, असं त्यांनी विचारलं आहे.

बरंच बदलावं लागेल, पण मेहनत वाया जाणार नाही. आधी मंगळयानाची तुलना बाजूला ठेवा. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेलं ते यान इंधनासकट १,३३७ किलोचं होतं आणि त्यावरची उपकरणं जेमतेम १५ किलोंची. पीएसएलव्ही रॉकेटची ताकद थेट मंगळाकडे फेकण्याइतकी नव्हती, म्हणून यानाच्याच ४४० न्यूटनच्या इंजिनाने पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावली. स्वस्ताई आली ती हातातलं रॉकेट वापरल्यामुळे आणि ओझं बेताचं ठेवल्यामुळे. शिवाय यान मंगळाभोवती फिरलं, खाली उतरलं नाही. माणसं, त्यांचं घर आणि शिधा न्यायचा तर ओझं बेताचं राहत नाही. म्हणून या युक्तीचं मूळ तत्त्व घ्या (जे हातात आहे ते वापरायचं, वजन आधी कापायचं), आकडा घेऊ नका.

हिशोबाचं एकक रॉकेट नव्हे, मंगळाच्या जमिनीवर सुखरूप उतरलेला एक किलो. तो उतरवायला रासायनिक इंधनावर पृथ्वीच्या खालच्या कक्षेत साधारण दहा किलो चढवावे लागतात. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ या रॉकेटची जाहीर किंमत ६.२ कोटी डॉलर होती तेव्हा त्याची कमाल क्षमता २२.८ टन सांगितली जात असे. भागाकार केला की कक्षेतला किलो सुमारे २,७०० डॉलरला पडतो. दहाने गुणा, डॉलर ८५ रुपये धरा. मंगळावरचा किलो जवळपास २३ लाखांना गेला, आणि यात उतरणाऱ्या यानाची किंमत धरलेलीच नाही. हा २३ लाखांचा आकडा आराखड्याच्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता शिधा मोजा. पॅकिंगसकट माणशी दिवसाला १.८ किलो अन्न लागतं. मंगळाकडे जायची लाँच विंडो, म्हणजे निघायची सोयीची वेळ, साधारण २६ महिन्यांनी, म्हणजे ७८० दिवसांनी येते. चार माणसं, ७८० दिवस: ५,६१६ किलो. तेवीस लाखांच्या भावाने नुसती नेणावळ १,२९० कोटींच्या घरात, म्हणजे जवळजवळ तीन मंगळयानं. आणि ती दर २६ महिन्यांनी, वस्ती आहे तोवर. पहिली फेरी कितीही काटकसरीने केलीत तरी वस्ती परवडते की नाही हे ठरतं पुढच्या प्रत्येक विंडोत काय पाठवावं लागणार यावर. रॉकेटची पानं कमी करा आणि ती जागा पाणी, वीज आणि सुटे भाग यांना द्या.

पाण्याची गोष्ट खान्देशात सोपी करून सांगता येते. माणशी रोज १० लिटर धरले (पिणं, स्वयंपाक, धुणं मिळून, फार काटकसरीने) तर चौघांचं ७८० दिवसांचं पाणी ३१,२०० लिटर होतं. पाणी फिरवून वापरताना ९० टक्के परत मिळालं तर ३,१२० लिटर तूट येते, ९८ टक्के मिळालं तर फक्त ६२४. मधल्या आठ टक्क्यांची किंमत अडीच टन. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने ९८ टक्क्यांचा टप्पा २०२३ मध्ये गाठला. तिथवर पोचताना जो अडथळा आला तो रावेर-यावलच्या कुठल्याही केळीवाल्याने लगेच ओळखला असता.

स्थानकावर लघवी ऊर्ध्वपातन करून तिचं पाणी काढतात. आधी तिच्यात जंतू आणि अमोनिया रोखण्यासाठी सल्फ्युरिक ऍसिड घातलं जायचं. वजनहीन अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीत उतरतं. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम बनतं, आणि ते जिप्सम यंत्राच्या आत खड्यांसारखं साचलं. यंत्र बंद पडलं. नंतर पाणी काढण्याचं प्रमाण ठरवल्यापेक्षा कमी ठेवून ते चालवावं लागलं, कारण जास्त आटवलं की क्षार खाली बसणारच. शेवटी सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फोरिक ऍसिड आलं आणि आटवण्याचं प्रमाण पुन्हा वाढवता आलं. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या ठिबकचं दुखणं याच जातीचं आहे. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही, मग नळीत ऍसिड सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी एंड कॅप काढून लॅटरल (ठिबकची बारीक नळी) फ्लश करायची. तुमच्या आराखड्यात पाण्याचं यंत्र एक चौकोन काढून दाखवलं आहे. त्या चौकोनात क्षार कुठे बसणार, तो कसा काढणार, काढताना पाण्याशिवाय किती तास जाणार, हे लिहा. मंगळावरचं बर्फ वितळवून घेतलेल्या पाण्यात तर पर्क्लोरेट हे क्लोरीनयुक्त रसायनही येऊ शकतं. फिनिक्स यानाला ते २००८ मध्ये मंगळाच्या मातीत सापडलं, वजनाने सुमारे अर्धा टक्का. थायरॉइडला ते घातक असतं. पाण्यात सहज विरघळत असल्याने माती धुऊन काढता येते, पण मग ते धुण्याच्या पाण्यात उरतं. म्हणजे खाणीचं पाणी आणि घरातलं फिरतं पाणी यांची गाठ ऊर्ध्वपातन झाल्याशिवाय पडू द्यायची नाही. दोन्हींचे पाइप वेगळ्या व्यासाचे ठेवा, म्हणजे घाईत चुकूनही जोडले जाणार नाहीत.

परतीचं इंधन तिथेच बनवायचं, हे १९९० मध्ये रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर यांनी मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी नासाच्या नव्वद दिवसांच्या अहवालावरून माणसांच्या चंद्र-मंगळ मोहिमांच्या खर्चाचा अंदाज साडेचारशे-पाचशे अब्ज डॉलरवर गेला होता. सगळं इंधन पृथ्वीवरून न्यायचं ठरवलं की तसंच होतं. वस्ती कायमची असली तरी परतीचं यान ठेवाच. पहिल्या चौघांना परत येता येत नसेल तर कुठलंही सरकार सही करणार नाही, आणि करूही नये.

रसायन असं आहे. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. साबातिए प्रक्रियेत तो हायड्रोजनशी जोडला की मिथेन आणि पाणी मिळतं. पाणी विजेने फोडलं की हायड्रोजन परत साबातिएत जातो आणि ऑक्सिजन टाकीत. बर्फाचं पाणी वापरलं तर निव्वळ हिशोब ३६ किलो पाणी आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइडमागे १६ किलो मिथेन आणि ६४ किलो ऑक्सिजन, म्हणजे एकास चार. इंजिनाला लागतो साधारण एकास ३.६. जो ऑक्सिजन उरतो तो श्वासाला. चौघांना मंगळाच्या कक्षेपर्यंत नेणाऱ्या यानाला ३० टन इंधन धरा: ६.५ टन मिथेन, २३.५ टन ऑक्सिजन. पाणी लागेल १४.६ टन, आणि अडीच टन ऑक्सिजन शिल्लक राहील. माणशी दिवसाला ०.८४ किलोप्रमाणे चौघांची ७८० दिवसांची गरज २.६ टन आहे. म्हणजे इंधनाच्या कारखान्याची शिल्लकच श्वासाचा बहुतेक ऑक्सिजन देते. हरितगृहाला त्या कामाला जुंपायची गरज उरत नाही. आराखड्यातला सगळ्यात मोठा बदल तो हाच.

बर्फ मिळालं नाही तर दुसरा मार्ग मॉक्सीने दाखवला. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या त्या छोट्या यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन हवेतून काढला, जोर लावल्यावर तासाला १२ ग्रॅमपर्यंत. तुम्हाला तासाला दोन किलो ऑक्सिजन लागेल, म्हणजे दीडशे पटीहून मोठं आणि सोळा महिने न थांबता चालणारं यंत्र. धूळ गाळणारा फिल्टर आणि हवा दाबणारा पंप हे त्यातले आधी दगा देणारे भाग. तिथली हवा पृथ्वीच्या जेमतेम ०.६ टक्के दाबाची आहे, त्यामुळे पंपाला दिवसरात्र राबावं लागतं.

विजेचा हिशोब युनिटमध्ये करा, बिलासारखा. एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० युनिट लागतात. १६ किलो मिथेनमागे ८ किलो हायड्रोजन फिरतो, म्हणजे ४०० युनिट. साडेसहा टनांना सुमारे १ लाख ६२ हजार युनिट. ५०० दिवसांत उरकायचं तर अखंड साडेतेरा किलोवॅट, तेही फक्त पाणी फोडायला. बर्फ खणणं, हवा दाबणं, ऑक्सिजन आणि मिथेन थंड करून द्रवरूप ठेवणं धरून २५ किलोवॅट. घराला आणखी १० ते १५. एकूण ४० धरा.

धुळे जिल्ह्यात साक्रीकडे सौर प्रकल्प पाहून तुम्ही पॅनेलवर भरवसा ठेवलात हे समजू शकतं. पण साक्रीत पॅनेल धुवायला टँकर आणि माणूस मिळतो. मंगळावर सूर्यप्रकाश मुळात पृथ्वीच्या ४३ टक्के, वर बारीक धूळ. इनसाइट यानाची पॅनेल २०१८ मध्ये दिवसाला पाच युनिट देत होती, २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत ती अर्ध्या युनिटवर आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यान संपलं. अपॉर्च्युनिटी हे सौर ऊर्जेवरचं रोव्हर २०१८ च्या जूनमध्ये ग्रहभर पसरलेल्या धुळीच्या वादळात गेलं. असं वादळ कित्येक आठवडे टिकतं. तितके दिवस ४० किलोवॅटची बॅटरी नेता येत नाही. म्हणून मुख्य वीज अणुभट्टीची. नासाच्या किलोपॉवर आराखड्यात १० किलोवॅटची एक भट्टी सुमारे दीड टनाची आहे. तिची लहान आवृत्ती मार्च २०१८ मध्ये नेवाड्यात २८ तास पूर्ण ताकदीच्या चाचणीत चालवली गेली. चार भट्ट्या म्हणजे सहा टन. एक बंद पडली तरी तिनांवर घर आणि निम्मा कारखाना चालतो. सौर पॅनेल टाकून देऊ नका. घराच्या गरजेपुरती १० किलोवॅटची पॅनेल ठेवा, हाताने झटकता येतील अशा उंचीवर.

हरितगृहाबद्दल कडक बोलावं लागेल, कारण तिथेच सगळ्यात जास्त आशा आहे. एका माणसाचं सगळं अन्न पिकवायला भरपूर उजेडात ४० ते ५० चौरस मीटर लागतात. चौघांना २०० धरा. मंगळाचं ऊन विसरा, एलईडीवर चौरस मीटरला ४०० वॅट धरले तरी ८० किलोवॅट, म्हणजे वर मोजलेल्या सगळ्या विजेच्या दुप्पट. त्यातून पाच टन अन्न वाचवायला तुम्ही त्याहून जड भट्ट्या नेणार. शिवाय सगळं अन्न पिकवलं की झाडं माणसांना लागतो त्याहून जास्त ऑक्सिजन सोडतात. तो काढला नाही तर आगीचा धोका वाढतो. एमआयटीच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मार्स वनच्या योजनेत नेमकं हे दाखवून दिलं होतं. ती कंपनी पहिल्या चौघांना सहा अब्ज डॉलरमध्ये पाठवू म्हणत होती आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

उलटाही अनुभव आहे. अॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ या हवाबंद प्रयोगगृहात आठ माणसं १९९१ ते १९९३ बंद राहिली. हवेतला ऑक्सिजन २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि बाहेरून सोडावा लागला. कारण कंपोस्टने भरलेली माती. तिच्यातल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि तो नव्या काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला, त्यामुळे कारण सापडायलाही वेळ लागला. म्हणून घराच्या आत उघडं काँक्रीट नको, आणि पहिल्या वर्षी मातीची शेतीही नको.

मग पहिल्या फेरीत काय पिकवायचं? वीस चौरस मीटर पालेभाजी: मेथी, पालक, कोथिंबीर, मिरचीची चार रोपं. आणि मोड. मूग, मटकी, हरभरा यांना मोड यायला दिवा लागत नाही, जागा लागते एका ट्रेची, पाणी थोडं, आणि दोन-तीन दिवसांत क जीवनसत्त्व तयार. हे महत्त्वाचं आहे, कारण वर्षानुवर्षं साठवलेल्या पाकिटबंद अन्नात क आणि ब१ ही जीवनसत्त्वंच आधी घटतात. कोरडी डाळ आणि पीठ यांत पाणी नसतं, ते तिथलं मिळतं. म्हणजे पाकिटबंद ओल्या जेवणापेक्षा दर किलोमागे जास्त जेवण जातं. एक अडचण: मोडांच्या ट्रेला बुरशी धरते आणि साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात. बियाणं निर्जंतुक करून न्या, ट्रे रोज उकळत्या पाण्याने धुवा, आणि ते पाणी फिरत्या पाण्याच्या हिशोबात धरा. केळी मात्र नका नेऊ. जळगावकरांना हे ऐकवत नाही, पण पानांचा एवढा पसारा आणि पाण्याची एवढी भूक असलेलं झाड पहिल्या दहा वर्षांत तिथे शोभत नाही.

विटांच्या घराचं दुखणं वेगळं आहे. घरात ५६ किलोपास्कल दाब ठेवायचा (ऑक्सिजन ३४ टक्के धरून नासाने सुचवलेला, कारण त्यामुळे सूट घालून बाहेर पडण्याआधीची तयारी झटपट होते). बाहेर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून जास्त जोर आतून बाहेर. वीट दाबाला खंबीर, ताणाला कच्ची. ती फुटणार. हवा धरून ठेवायला धातूचा किंवा फुगवता येणारा कापडी कक्षच हवा. माती लागते ती वरून, किरणोत्सारासाठी. प्रवासात रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) आणि मंगळाच्या उघड्या जमिनीवर ०.६७ हे नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने मोजलेले आकडे आहेत. सहा महिन्यांच्या प्रवासात सव्वातीनशे होतात, आणि नासाची आयुष्यभराची मर्यादा ६०० आहे. खाली उघड्यावर राहिलं तर पहिल्या विंडोतच ती ओलांडली जाईल.

इथे आपलं धाब्याचं घर आठवा: सपाट माळवद, वर जाड मातीचा थर. मंगळाच्या घरावर दोन मीटर माती टाकली तर तिथल्या ३८ टक्के गुरुत्वात ती चौरस मीटरला सुमारे ११ किलोन्यूटनने दाबते. आतला दाब ५६ ने उचलतो, त्यामुळे रोजच्या दिवसात मातीचं ओझं जाणवतच नाही. धोका येतो दाब गेल्यावर. तेव्हा अख्खं छत सांगाड्यावर बसतं. म्हणून सांगाडा असा ठरवा की आत शून्य दाब असतानाही ११ किलोन्यूटन पेलेल, आणि माती टाकण्याआधी एकदा हवा काढून तपासा. घरं दोन, सारखी, मध्ये दार. एकाला गळती लागली तर चौघांना दुसऱ्यात कितीही महिने राहता आलं पाहिजे.

उतरण्याबद्दल थोडक्यात: आजवर मंगळावर उतरलेलं सगळ्यात जड यान एक टनाच्या जेमतेम वर आहे. विरळ हवेत पॅराशूट त्याच्या फार पुढे पुरत नाही. दहा टन उतरवायचे तर ध्वनीच्या अनेक पट वेगात असतानाच इंजिनं पेटवावी लागतात. हे तंत्र तुम्ही शोधणार नाही, जो करेल त्याच्याकडून विकत घ्याल. तुमचं काम एवढंच: प्रत्येक खेप दहा टनांच्या खाली बसवा, आणि एक खेप फुटली तर मोहीम मरणार नाही अशी वाटणी करा. सगळं अन्न एका यानात नको.

क्रम असा लावा. पहिल्या विंडोत बर्फाची जागा नक्की करणारं छोटं यान, ड्रिलसकट. उपग्रहांच्या रडारवर दिसलेल्या बर्फावर माणसांचा जीव टांगू नका, नमुना हातात घ्या. दुसऱ्या विंडोत भट्ट्या, कारखाना आणि परतीचं रिकामं यान. तिसऱ्यात घरं आणि शिधा. माणसं चौथ्यात, आणि तीही परतीच्या यानाची टाकी भरल्याचा संदेश आल्यावरच. शिधा दोन विंडोंचा ठेवा, म्हणजे ११.२ टन, कारण एखादी खेप हमखास चुकणार. माझ्या अंदाजाने भट्ट्या ६, कारखाना ३, परतीचं यान ६, घरं २०, शिधा ११, सुटे भाग ६, खणणारी आणि वाहणारी यंत्रं ४: छप्पन टन, वर वीस टक्के धरून ६७. नुसती नेणावळ पंधरा हजार कोटींवर जाते. गगनयान कार्यक्रमाला सरकारने मंजूर केलेली एकूण रक्कम २०,१९३ कोटी आहे, त्यावरून पट्टी लावा. लँडर, भट्ट्या आणि चाचण्या यांचा विकासखर्च याच्या कित्येक पट येतो, तो वाटून घ्यायला एकाहून जास्त देश लागतील. ६७ टनांसाठी कक्षेत ६७० टन चढवायचे, म्हणजे आठ टन नेणाऱ्या इस्रोच्या एलव्हीएम ३ रॉकेटच्या चौऱ्याऐंशी फेऱ्या.

सुटे भाग सहा टन का, असं विचाराल. शेतात १६ एमएमची लॅटरल सगळीकडे सारखी असते म्हणून एकच जॉइनर कुठेही बसतो. तसं संपूर्ण वस्तीत पंपांचे प्रकार तीन, ओ-रिंगचे माप पाच, मोटारीची व्होल्टता एक, असं आधी ठरवा आणि मगच यंत्रं निवडा. यामुळे एखादा पंप गरजेपेक्षा जड पडेल. पडू द्या. सात प्रकारच्या पंपांचे सात-सात संच नेण्यापेक्षा ते हलकंच आहे. चौघांत एक डॉक्टर हवा हे सगळे लिहितात. आयटीआयच्या फिटरसारखा हात असलेला माणूसही लिहा, दोन असले तर उत्तम. संदेश एका बाजूला जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि सूर्य मध्ये आला की साधारण दोन आठवडे संपर्कच नसतो. पंप बंद पडल्यावर पृथ्वीला विचारून दुरुस्ती होत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. कॉलेजात एक खोली आणि २०० लिटर पाणी घ्या. हात धुणं, भांडी, एसीचं पाणी जमा करा, गाळा, ऊर्ध्वपातन करा, त्याच कामांना परत वापरा. पिऊ नका. नव्वद दिवस चालवा, एप्रिल-मे धरून, म्हणजे ४५ अंशांत पंप आणि सील कसे वागतात तेही कळेल. रोज सकाळी टाकीची पातळी मिलिमीटरमध्ये लिहा, टीडीएस मीटरचा आकडा लिहा. प्रत्येक बिघाडासमोर तीन रकाने ठेवा: कोणता भाग गेला, दुरुस्तीला किती मिनिटं लागली, आणि तो भाग बाजारातून आणला की खोलीत आधीपासून होता. तिसऱ्या रकान्यात «बाजारातून» जितक्या वेळा येईल, तितके भाग तुमच्या सहा टनांच्या यादीत अजून यायचे आहेत.